वर्गणी, लेव्ही आणि फेब्रुवारीतले तीनशे

आमच्या गावात सप्ताहाची बैठक मारुतीच्या पारावर बसते. गाव गंगाखेड तालुक्यातलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यामुळे पंचमी-एकादशीला ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणणारा माणूस काशीला नव्हे, तीन-चार मैलांवर जाऊन आलेला असतो. बैठकीचा पहिला तास कीर्तनकार कोणते बोलवायचे यावर वाद घालण्यात जातो. मग कुणीतरी वही उघडतो आणि पार एकदम शांत होतो. वर्गणी ठरायची असते.

पद्धत जुनी आहे. आधी घरटी एक रक्कम, ती सगळ्यांना सारखी. मग एकरी. कोरडवाहूला एक दर, बागायतीला दुसरा. मग नोकरदार. शिक्षक, तलाठी, पुण्यात कंपनीत असलेली पोरं यांची नावं मोठ्यानं वाचली जातात आणि त्यांच्यापुढचा आकडा त्यांना न विचारताच लिहिला जातो. कुरकुर होते, पण अर्ध्या आवाजात. कारण काल्याच्या दिवशी अख्खी यादी लाऊडस्पीकरवर वाचली जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. चाळीस एकरवाल्यानं दोन एकरवाल्याएवढी वर्गणी दिली, तर वर्षभर त्याच्या पाठीमागं बोललं जाईल. ज्याच्याकडे काहीच नाही तो पंगतीला पाणी वाढतो, त्याच्या घरातली बाई पोळ्या लाटायला येते. ते वहीत येत नाही, पण हिशेबात असतं. आमच्या गावातली तीन मुसलमान घरंही देतात. परभणीत तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो, तेव्हा गावातली अर्धी हिंदू पोरं तिकडं असतात. त्यामुळे या वर्गणीचं कुणाला नवल वाटत नाही.

वर्गणी या शब्दात ‘वर्ग’ आहे. व्युत्पत्तीचे जाणकार मला रागावतील, पण पारावर बसून पाहिलं की वाटतं, वर्गाचा प्रश्न इतक्या कमी आरडाओरड्यात सोडवणारी दुसरी संस्था आपल्याकडे नाही. ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त द्यावं, एकाच दराने नव्हे तर चढत्या दराने द्यावं, हे तत्त्व आमच्या पारावर वादाचं नाहीच. वाद होतो तो ऐपत मोजण्याचा. अमक्याची विहीर आटली, तमक्याच्या पोराचं लग्न झालं. म्हणजे कपाती आणि सवलतीसुद्धा आहेत.

हे चित्र जरा जास्तच गोड झालं, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. माझ्या लहानपणी वही गावाच्या एका कडेला येऊन थांबायची. महारवाड्यात वर्गणी मागायला कुणी जात नसे. वरवर ही सूट होती. खरं तर ती हद्द होती. ज्याची वर्गणी नाही त्याची पंगत नाही, त्याचा सप्ताह नाही, बैठकीत त्याला तोंड नाही. कर न घेणं हासुद्धा माणसाला गावाबाहेर ठेवण्याचा एक मार्ग असतो, हे मला फार उशिरा कळलं. पुढं ती वस्ती बौद्ध झाली, तिनं स्वतःची वही काढली, चौदा एप्रिलची. तिथंही नोकरदारांचा आकडा मोठा असतो.

कोण कुणासाठी देतो, हा प्रश्न आमच्या भागात आधी देवाच्या भाषेत विचारला गेला. गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली आणि जन्मभर तिथंच दळत-कांडत राहिली. तिच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, असं लोक सांगतात. मालकानं लावला, असं कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. हा बिदरच्या बहमनी राज्याचा महसूल अधिकारी. दुष्काळ पडला, लोक मरू लागले, त्यानं सरकारी धान्याची कोठारं उघडून लोकांना वाटली. बादशहाची माणसं त्याला पकडून न्यायला आली आणि तेवढ्यात विठू महार नावाचा एक माणूस बिदरला जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. तो विठू कोण, हे मराठी मुलखात कुणाला सांगावं लागत नाही.

कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. मी ती ऐकतो तेव्हा माझं लक्ष पावतीकडे जातं. दामाजीनं दान दिलं नव्हतं, सरकारचा महसूल दिला होता. ज्यांच्याकडून तो वसूल झाला त्यांनाच परत दिला. आणि बादशहाच्या खजिन्याला पडलेलं भगदाड बुजवायला कुणी सावकार, कुणी देशमुख पुढं आला नाही. देवाला यावं लागलं, आणि तोही महाराच्या रूपात. आमच्या समाजानं आपल्याच श्रीमंतांवर केलेली याहून कडवी टीका मला माहीत नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान हा जगातला सर्वांत श्रीमंत माणूस मानला जाई. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकानं त्याला मुखपृष्ठावर छापलं ते याच कारणासाठी. त्याच्या राज्यातला शेतकरी काय देत होता? जमीनमहसूल देत होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही. लेव्ही म्हणजे पिकलेल्या धान्यातला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं सरकारला घालायचा. पिकलं किती हे ठरवणार गावचा पाटील-कुलकर्णी, आणि त्यांच्या लेखणीला बळी पडणार तोच, ज्याच्या घरी त्यांना जेवायला बोलावण्याची सोय नव्हती. ‘लेव्ही’ हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो.

निजामाविरुद्धचा स्टेट काँग्रेसचा लढा, स्वामी रामानंद तीर्थांची माणसं, सरहद्दीवरचे कॅम्प यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातली एक गोष्ट मला इथं हवी आहे. त्या लढ्यात जाळलं काय गेलं? करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे जकात, निजामी सीमाशुल्क. तोडलं काय गेलं? शिंदीची झाडं, कारण शिंदीच्या अबकारीवर सरकारचं उत्पन्न होतं. हा लढा लोकशाहीचा होताच, पण सामान्य शेतकऱ्याला तो कळला तो कराच्या बाजूनं.

आज तीच गोष्ट हिंदूंनी मुसलमान राजाविरुद्ध दिलेला लढा एवढीच उरली आहे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, माझ्या आजीनं रात्री शेतात लपून काढलेल्या आहेत. पण ज्यांच्या वहीत लेव्ही लिहिली जायची ते देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी बहुतेक हिंदूच होते. आणि पोलीस ॲक्शननंतर किंमत कुणी मोजली? केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत मराठवाड्याच्या खेड्यांतले साधे मुसलमान होते, ज्यांना निजामाच्या तिजोरीनं कधी पै दिली नव्हती. खुद्द निजाम राजप्रमुख झाला, त्याला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या, पण जहागीरदारांना नुकसानभरपाई ठरली. श्रीमंताचा हिशेब कागदावर झाला, गरिबाचा रस्त्यावर.

तरीही त्यानंतरची काही वर्षं परभणी जिल्हा वर्गाच्या भाषेत बोलत होता. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला परभणीनं शेतकरी कामगार पक्षाला निवडून दिलं, आणि १९७७ ला पुन्हा शेकापच्या शेषराव देशमुखांना. लाल बावटा, कुळकायदा, खंड, सावकारी हे शब्द सभेत असायचे. मग १९८९ पासून हवा फिरली. शिवसेनेच्या ‘खान पाहिजे की बाण’ या एका ओळीनं मराठवाड्यात निवडणुका झाल्या, आणि आमच्याकडे तर ती पाठच झाली. त्या ओळीत शेती नाही, भाव नाही, मजुरी नाही. गंमत अशी की तोच कापूस, तीच सोयाबीन, तोच दोन-तीन एकराचा तुकडा खान आणि बाण दोघांच्याही घरी होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी माय १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती.

लागोपाठ पाऊस हुकला होता, आणि बहात्तरला तर काहीच उरलं नाही. विहिरी कोरड्या, कडबा संपलेला, जनावरं कवडीमोलानं गेलेली. सरकारनं कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख हा आकडा वाचून काही वाटत नाही. माय सांगायची ते असं: सकाळी रस्त्यानं पाहावं तिकडं डोक्यावर पाटी घेतलेली बाई, आणि तिच्यामागं पोर. देशमुखांच्या वाड्यातल्या बायका तोंडावर पदर ओढून आल्या होत्या, आणि त्यांना हातोडी धरता येत नव्हती. माझ्या मायच्या बाजूला बसलेली मांगवाड्यातली एक बाई त्यांना दगड कसा उभा धरायचा ते दाखवायची. पाण्याचा पिंप मात्र पहिले काही दिवस वेगळा होता. मग उन्हानं तो एक केला.

मस्टरवर अंगठा, आठवड्याला पगार, बाहेरून आलेली लालसर मिलो ज्वारी, लेकरांना सुकडी. मिलोची भाकर थापली की तुटायची. माझ्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या माणसासमोर ‘मिलो’ म्हणून पाहा, त्याचा चेहरा बदलतो. मुकादम माप मारायचा, खडीचा ढीग कमी भरायचा, हेही त्यात आलंच.

या दुष्काळातून जे निघालं ते मात्र जगात नवं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात एक विचार बरीच वर्षं घोळत होता. आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्यांनी तो साठच्या दशकात करूनही पाहिला होता. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारनं ते दिलंच पाहिजे, उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. ‘मागेल त्याला काम’. विधिमंडळानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम देता आलं नाही तर रोज एक रुपया बेकारभत्ता. देशाचा ग्रामीण रोजगाराचा कायदा यायला त्यानंतर पंचवीसेक वर्षं लागली. जाता जाता सांगतो, वि. स. म्हणजे विठ्ठल सखाराम. दामाजीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला या नावाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पैसा कुठून आणायचा? या प्रश्नावर त्या वेळच्या विधिमंडळानं जे केलं ते आज कुणाला आठवतही नाही. त्यांनी शहरावर आणि ऐपतदारावर कर बसवला, आणि तो कशासाठी हे सांगून बसवला. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला: पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी वर्षाला अमुक द्यायचं आणि ते रोजगार हमीच्या निधीत जायचं. त्याच्या जोडीला विक्रीकरावर जादा आकारणी, मोटारींवर जादा कर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर. आणि बागायती जमिनीवरही उपकर! म्हणजे ज्याच्या शेतात पाण्याचा पाट आला त्यानं, ज्याच्या शेतात काहीच आलं नाही त्याच्या मजुरीला हातभार लावायचा. जेवढं या करांतून जमेल तेवढंच राज्य सरकारनं आपल्या पदरचं घालायचं.

आमच्या पारावरच्या वहीला इतका जवळचा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. घरटी, एकरी, नोकरदार. फक्त इथं देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नव्हते. मुंबईत नरिमन पॉइंटवर बसलेला माणूस आणि गंगाखेडच्या रस्त्यावर खडी फोडणारी बाई. त्यांची जात एक नव्हती, देव एक असेलच असं नाही, आणि तरी एकाच्या पगारातून दुसरीच्या मस्टरला रक्कम जात होती. दानात देणाऱ्याची मर्जी असते. इथं घेणारीचा हक्क होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात लागलो आणि पहिल्या पगाराच्या कागदावर ‘व्यवसाय कर’ हा शब्द पाहिला, तेव्हा मायला वाचून दाखवला होता. तिनं विचारलं, म्हणजे तू आता खडीचा पगार देणार का? मी हो म्हणालो. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती भांडी घासायला उठून गेली.

वर्गसंघर्ष मात्र संपला नव्हता, तो फक्त मस्टरवर गेला. सुगीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून मोठे शेतकरी कुरकुरू लागले. ऐन वेचणीत काम बंद ठेवा, असा दबाव तहसीलवर येऊ लागला. दुसरीकडे बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव यांतून ज्याची जमीन त्याचाच फायदा होत होता. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ सालीच लिहून ठेवलं की या योजनेतून गरिबाला मजुरी मिळते आणि गावातल्या सधनाला मालमत्ता. म्हणूनच तर योजना विधिमंडळात एकमतानं टिकली, असा त्यांचा रोख. मला तो कडवट वाटतो आणि खराही. पण माझ्या मायच्या बाजूनं पाहिलं तर मजुरी मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

दोष दुसरीकडे आहे आणि तो कुणी लपवलेला नाही. तो संविधानात छापलेला आहे.

कलम २७६ सांगतं की राज्यांना व्यवसायावर कर बसवता येईल, पण एका माणसाकडून वर्षाला ठराविक रकमेच्या वर घेऊ नये. संविधान आलं तेव्हा ती रक्कम २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० झाली. आज महाराष्ट्रात महिन्याला ७,५०० पर्यंत कमावणाऱ्या पुरुषाला व्यवसाय कर नाही, १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि १०,००० च्या वर एक रुपया जरी गेला की महिना २००. बायकांना आता २५,००० पर्यंत माफी आहे, ही २०२३ ची चांगली गोष्ट. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे २,५०० चा हिशेब बरोबर जुळतो. पगारदार माणसाला फेब्रुवारी बारीक वाटतो तो दिवस कमी म्हणून नव्हे.

आणि तिथून पुढं दर संपतो. मानवतच्या एखाद्या जिनिंगमध्ये ११,००० रुपयांवर असलेला कारकून वर्षाला २,५०० देतो. मुंबईत महिन्याला एक कोटी घेणारा कंपनीचा मोठा साहेबही २,५०० च देतो. लाखामागे पाहायचं तर कारकून सुमारे १,९०० रुपये देतो आणि साहेब दोन. आमच्या पारावर असा हिशेब कुणी मांडला असता तर वही फाडली गेली असती. (औरंगजेबानं १६७९ साली बसवलेल्या जिझियातही गरीब, मध्यम, श्रीमंत असे तीन टप्पे होते: बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस दिरहम. तो कर धर्मावरून माणूस वेगळा पाडणारा, अन्यायाचाच. पण त्यातही श्रीमंत कितीही गब्बर असला तरी अठ्ठेचाळीसवर थांबायचा. वरचा टप्पा कुठंतरी बंद करून टाकायची खोड फार जुनी आहे.)

साहेब आयकर भरतो की, असं वाचक म्हणतील. भरतो, आणि कारकून भरत नाही, हे खरं आहे. पण मग सगळीच वही उघडू या. कारकून साबण घेतो, बिस्किटाचा पुडा घेतो, त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, आता ५ आहे. दुकानदार त्याचा पगार विचारत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या विधान परिषदेत अर्थसंकल्पावर बोलताना नेमका हा मुद्दा मांडला होता: जमीनमहसूल जहागीरदाराला आणि कंगाल शेतकऱ्याला एकाच दरानं लागतो, आयकरात मात्र लहान उत्पन्नाला सूट आहे, हा कुठला न्याय? शंभर वर्षं होत आली. दर बदलले, वस्तू बदलल्या, प्रश्न तोच आहे.

श्रीमंतांवर जास्त कर बसवून पाहिला नाही असं नाही. १९५३ साली वारसाकर आला, निकोलस काल्डोर या केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञाच्या सल्ल्यानं १९५७ ला संपत्तीकर, पुढच्या वर्षी देणगीकर. १९७३-७४ मध्ये, म्हणजे माय खडी फोडत होती त्याच काळात, आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. ऐकायला क्रांती, प्रत्यक्षात चोरवाट. इतक्या दरानं काळा पैसाच वाढतो, हे वांछू समितीनं १९७१ सालीच लिहून दिलं होतं. वारसाकर १९८५ ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी काढला, कारण त्यातून मिळत होतं ते वसुलीच्या खर्चाच्या मानानं फार थोडं होतं. संपत्तीकर २०१५ ला अरुण जेटलींनी काढला. त्यातून १,००८ कोटी आले होते. त्याऐवजी एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा होती. हा मुद्दा डावलून चालणार नाही. कराचं नाव मोठं असलं म्हणून वसुली मोठी होत नाही.

पण त्यानंतर जे झालं तेही पाहावं. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. २०२३ मध्ये नव्या करपद्धतीत अतिश्रीमंतांचा अधिभार ३७ वरून २५ वर. आणि मार्च २०२४ मध्ये ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या अभ्यासकांनी दाखवलं की देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा आहे. पुढं मे महिन्यात त्यांनी दहा कोटींच्या वरच्या संपत्तीवर दोन टक्के कर सुचवला.

या विषमतेवर चर्चा व्हायला हवी होती. ती कशी झाली ते परभणीनं अगदी जवळून पाहिलं. २० एप्रिल २०२४ ला पंतप्रधानांची परभणीत सभा झाली. दुसऱ्या दिवशी राजस्थानात बांसवाड्याला त्यांनी काँग्रेस तुमच्या संपत्तीची मोजणी करून ती जास्त मुलं असणाऱ्यांना वाटेल, मंगळसूत्रही सोडणार नाही, असं सांगितलं. २४ ला काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसाकराचं उदाहरण दिलं आणि त्यांच्याच पक्षानं लगेच हात झटकले. २६ ला आम्ही मतदान केलं. पाच दिवसांत अब्जाधीशाच्या वारशाचा प्रश्न माझ्या चुलतीच्या गळ्यातल्या काळ्या पोतीपर्यंत आला. तिच्या पोतीत दोन मणी आहेत. त्यावर कर लावायचं कुणीच म्हणालं नव्हतं. ज्यांच्यावर लावायचं म्हणत होते ते या सगळ्या बोलण्यातून अलगद बाहेर पडले. (त्या निवडणुकीत बाणाची जुनी माणसं मशाल घेऊन उभी होती आणि परभणीनं मशालीलाच निवडलं. खान की बाण विचारणाऱ्यांना याचं उत्तर अजून द्यायचं आहे.)

धर्माच्या नावानं पैशाचा प्रश्न कसा झाकला जातो, आणि कधी कसा उघडाही पडतो, याचं दुसरं उदाहरण आमच्या पाथरीचं. साईबाबांचा जन्म पाथरीचा, असं इथं मानतात. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी जाहीर केले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. वाद बाबांच्या जन्मस्थानाचा होता, असं बातम्यांत आलं. पाथरीच्या बसस्टँडवर उभं राहिलं की वाद कशाचा होता ते कळतं. शिर्डीत विमानतळ आहे. बाबा स्वतः भिक्षा मागून राहायचे, पैसेवाल्यांकडून दक्षिणा मागून घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत वाटून मोकळे व्हायचे, असं त्यांचे सगळे चरित्रकार सांगतात. त्यांच्या हुंडीत आज निनावी पडणाऱ्या पैशावर कर लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला, आणि कायद्याच्या शब्दाला धरून तो बरोबरही असेल. पण निनावी हुंडीत लाखाची बंडलं टाकणारा आणि दहाची नोट टाकणारी बाई, दोघंही तिथं भक्तच असतात. आमच्या काल्याच्या यादीत दोघांची नावं वेगवेगळ्या ओळीत असती.

शहरी श्रीमंतावर बोट दाखवताना आपल्याही खिशात हात घालायला हवा, नाहीतर हा लेख खोटा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. १९७२ साली, त्याच दुष्काळाच्या वर्षी, के. एन. राज समितीनं मोठ्या शेतीधारणेवर कर सुचवला, कोणत्याही राज्यानं तो लावला नाही. दोन एकर कोरडवाहूवाल्याला यातून वगळलंच पाहिजे, त्याच्याकडे द्यायला कर्जाशिवाय काय आहे? पण जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस असलेला, वर शहरात पेट्रोल पंप असलेला आणि त्या पंपाचं उत्पन्नही ऊस म्हणून दाखवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात सहज सापडतो. सप्ताहात तो चढती वर्गणी देतो, कीर्तनकाराला शाल घालतो. सरकारला द्यायची वेळ आली की तो शेतकरी होतो.

माझं म्हणणं शेवटी एवढंच उरतं. संपत्तीकराचा वाद दिल्लीत चालू राहील, त्यात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे. पण व्यवसाय कराचा दगड महाराष्ट्रानं स्वतः घातलेल्या पायाचा आहे. गरिबाच्या हक्कासाठी ऐपतदारानं द्यायचा, हे लिहून बसवलेला हा आपला कर. त्याला टप्पे द्यावेत, दहा हजारवाल्याला सोडावं, आणि वरच्यांना वरचा आकडा लावावा. यासाठी क्रांती लागत नाही, एक घटनादुरुस्ती लागते. पंधराव्या वित्त आयोगानं वर्षाची मर्यादा २,५०० वरून १८,००० करावी, अशी शिफारस करूनही ठेवली आहे.

मार्चमध्ये फेब्रुवारीचा पगार हातात आला की त्या कागदावर तीनशेचा आकडा पाहा. तुमच्या शिपायाच्या कागदावर तोच आकडा आहे, आणि तुमच्या कंपनीच्या मालकाच्याही. कलम २७६ मधली २,५०० ची मर्यादा शेवटची वाढली १९८८ साली.